ट्रॅक बांधणाऱ्या दादाला

प्रिय दादा,

हे तुला एकट्याला कळवून भागलं असतं. पण तू काय केलंस ते ट्रॅकमेनिया हा गाड्यांच्या शर्यतीचा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या आपल्या सगळ्या मंडळींना कळावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

त्यातला 'नेशन्स फॉरएव्हर' २००८ पासून फुकट आहे आणि त्याच्या ट्रॅक बांधायच्या एडिटरमध्ये लूप, भिंती, मातीचे रस्ते, हवं ते मिळतं. तू त्यातून घेतलंस काय, तर एक उतार, दोन टर्बो (वेग वाढवणारे पट्टे), एक रॅम्प आणि पलीकडे एकच वळण असलेला लांब रस्ता. सजावट शून्य. गोल्ड मेडल कुणालाही मिळेल. पण ऑथर टाइमच्या, म्हणजे ट्रॅक बांधणाऱ्याच्या स्वतःच्या वेळेच्या, आत यायचं म्हटलं की कळतं, इथे गेलेला सेकंदाचा शतांश भरून काढायला पुढे जागाच ठेवलेली नाही. मला असलेच ट्रॅक आवडतात, आणि तुझा सगळ्यात जास्त.

मी मदत मागितली तेव्हा या ट्रॅकवर पहिला क्रमांक तुझाच होता. तरी तू त्याच दिवशी तुझा रिप्ले पाठवलास. या गेममध्ये रिप्लेत दाबलेली प्रत्येक की नोंदलेली असते, तीच बटणं त्याच शतांशाला दाबली तर गाडी तशीच्या तशी जाते. २०२१ मध्ये गेम मंद करून केलेले विक्रम याच नोंदींवरून उघडे पडले. म्हणजे तू मला गाडी न्यायची नुसती लाइन दाखवली नाहीस, हातातलं सगळं काढून दिलंस.

वर मराठीत व्हॉइस नोट्स! "उडी मारलीस की हवेतच ब्रेकला हलकं टेकव, नाक फिरायचं थांबेल. चारही चाकं एकदम टेकू देत." मी तोवर रॅम्पवरचा कोन बदलत बसलो होतो आणि उतरताना पुढची चाकं आधी आपटून सगळा वेग जात होता. मग स्पीडस्लाइड. वेग ताशी चारशेच्या वर गेल्यावर गाडी थोडी तिरकी सरकवली तर सरळ जाण्यापेक्षा वेग जास्त वाढतो, एवढं मला ऐकून माहीत होतं. कीबोर्डवर ते जमवायचं कसं, ते तू शिकवलंस: स्पीडोमीटरकडे बघायचं नाही, टायरचा आवाज ऐकायचा, तो तुटला की कोन चुकला. त्यासाठी तू फक्त तेवढाच तुकडा दाखवणारा वेगळा रिप्लेसुद्धा केलास. कामावरून दमून आल्यावर, माझ्यासारख्या अनोळखी पोरासाठी. याचे आभार कसे मानायचे, दादा?

परवा मी तुझा विक्रम मोडला, तेव्हा पहिलं अभिनंदन तुझंच आलं.

मनापासून धन्यवाद. नवा रिप्ले अपलोड केलाय. वळणातून बाहेर पडताना तू अजूनही माझ्या पुढे असतोस, पुढे मी तुला गाठतो. तेवढं वळण बघ आणि सांग, मी की सोडायला उशीर करतोय का?

तुझा,
कीबोर्डवाला धाकटा