पाकवाचच्या त्या अनोळखी मंडळींचे आभार

युगांडात पाकवाच म्हणून एक छोटं गाव आहे, नाईलच्या काठावर, कंपालाहून आरुआला जाताना नदीवरचा पूल ओलांडला की लगेच लागतं. तिथे मी बसमधून उतरलो तेच थंडी वाजत, दात कडाकडा, आणि बॅग बसमध्येच राहिली!! बस गेली निघून. फोन बंद, खिशात चिल्लर.

एका बोडा-बोडावाल्याने (म्हणजे बाईक टॅक्सी) काही न विचारता मागे बसवलं, पडू नये म्हणून स्वतःचा शर्ट काढून मला त्याच्या कमरेशी बांधलं आणि थेट सरकारी हेल्थ सेंटरला नेलं. बोटाला सुई टोचली, थोड्या वेळात पट्टीवर दोन रेघा, मलेरिया. गोळ्या फुकट मिळाल्या. पण गिळायला पाणी कुठंय? रांगेतल्या एका ताईंनी आपल्या पिवळ्या जेरीकॅनमधलं ओतून दिलं, हातपंपावरून भरून घरी न्यायचं पाणी होतं ते.

नंतर मोबाईल मनीच्या (म्हणजे फोनवरून पैसे पाठवायच्या-काढायच्या) टपरीवाल्या पोराने फोन चार्ज करून दिला, दोनचार कॉल लावून बॅगपण परत मागवली, आणि वर रोलेक्स खाऊ घातला. घड्याळ नाही हो, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट! तापात चव कळत नव्हती तरी चपाती बघून डोळे भरून आले.

नावं विचारायची राहिलीच. तुम्हा सगळ्यांना अफोयो, म्हणजे तुमच्या आलूर भाषेत धन्यवाद. आणि दादा, तुझा शर्ट अजून माझ्याकडेच आहे.