उरलेल्या पैशावर पहिला हक्क गरिबाच्या वकिलाचा

महोदय,

मोफत विधी सेवेवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मी गेली 22 वर्षे शिकागोत राहते. सामूहिक दाव्यांत उरलेला पैसा गरिबांना न्याय मिळवून देणाऱ्या संस्थांकडे वळवणारा इथला एक कायदा आपल्याकडच्या वाचकांना कळावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मागच्या महिन्यात मला टपालाने 3 डॉलर 17 सेंटचा धनादेश आला. एका कंपनीने ग्राहकांकडून नको ते शुल्क उकळले होते. कोणीतरी सगळ्यांच्या वतीने सामूहिक दावा लावला, तडजोड झाली आणि माझ्या वाट्याला एवढे आले. 90 दिवसांत वटवला नाही तर धनादेश रद्द. असे धनादेश आमच्या ओळखीच्या घरांमध्ये किराण्याच्या कूपनांखाली पडलेले असतात. कोणी घर बदललेले असते, कोणी अर्जच भरत नाही. एकेकाचे तीन डॉलर क्षुल्लक वाटतात. पण लाखो माणसांचे राहिलेले पैसे एकत्र आले की मोठी रक्कम साठते.

ती कंपनीला परत दिली, तर चूक करणाऱ्याचाच फायदा. म्हणून मूळ हेतूच्या शक्य तितक्या जवळच्या कामाला ती द्यावी, असे जुने तत्त्व इथली न्यायालये वापरतात. ते कोणते काम, हे मात्र बऱ्याचदा वकीलच आपसांत ठरवतात. गूगलविरुद्धच्या एका दाव्यात 85 लाख डॉलरची तडजोड झाली. तिच्यात सुमारे 13 कोटी वापरकर्त्यांना एक सेंटही मिळणार नव्हता. वकिलांची फी आणि खर्च जाऊन उरलेले सहा संस्थांना द्यायचे ठरले, आणि त्यांत दावा चालवणाऱ्या वकिलांची स्वतःची विद्यापीठे होती! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 2019 मध्ये न्यायालयाने मूळ प्रश्नाचा निकाल न देता ते खाली परत पाठवले.

आमच्या इलिनॉय राज्याने 2008 पासून हा प्रश्न निदान आपल्या राज्य न्यायालयांपुरता सोडवला आहे. सामूहिक दाव्यात उरलेल्या रकमेपैकी किमान निम्मी, गरिबांना न्याय मिळवून देणाऱ्या संस्थांकडे गेली पाहिजे, असे कायदाच सांगतो. पेनसिल्व्हेनियातही निम्म्याचा नियम आहे.

याचे मोल मला डेव्हन अ‍ॅव्हेन्यूजवळ राहणाऱ्या एका काकूंमुळे कळले. दोन महिन्यांचे भाडे थकले आणि घरमालकाने घर रिकामे करून घेण्याचा दावा लावला. दुभाषी म्हणून मी त्यांच्यासोबत डेली सेंटरमधल्या न्यायालयात गेले. घरमालकाचा वकील एका सकाळी एकामागून एक प्रकरणे उरकत होता. बहुतेक भाडेकरूंना वकीलच नव्हता. नाव पुकारले जाई आणि दोन-तीन मिनिटांत निकाल लागे. काकू प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळ्या पावत्या घेऊन बसल्या होत्या. बाहेरच्या मार्गिकेत विधी साहाय्य संस्थेची एक तरुण वकील भेटली. तिने पावत्या बाजूला सारल्या आणि आधी नोटीस मागितली. तारखा बोटांवर मोजल्या. नोटीस पाच दिवसांची होती आणि दावा चौथ्याच दिवशी दाखल झाला होता. दावा फेटाळला गेला. मधल्या काळात भाड्याची सोय झाली, काकू अजून त्याच घरात आहेत. ती नोटीस मीही वाचली होती, पण माझ्या ते लक्षात आले नव्हते.

फौजदारी खटल्यात गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळेल, हे अमेरिकेत 1963 साली ठरले. घर, मुलांचा ताबा, बुडालेली मजुरी यांसाठी मात्र तसा सर्वसाधारण हक्क नाही. संसदेने 1974 मध्ये दिवाणी साहाय्यासाठी महामंडळ उभारले, त्याच्याच 2022 च्या अहवालानुसार गरिबांच्या 92 टक्के गंभीर दिवाणी अडचणींत मदत मिळत नाही किंवा अपुरी मिळते. शिवाय या महामंडळाचे अनुदान घेणाऱ्या संस्थांना 1996 पासून सामूहिक दावे लावायलाच बंदी आहे. हे मला फार अन्यायाचे वाटते.

पैसा आधी ज्याचा त्यालाच शोधून द्यावा, हे मला मान्यच आहे. धनी सापडत नाही, त्याच पैशाबद्दल मी बोलते आहे.

आपल्याकडे कायदा या बाबतीत उदार आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता दिवाणी प्रकरणातही मोफत वकील मिळतो. तालुका पातळीपर्यंत समित्या आहेत. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 39 मध्ये, नुकसान झालेले ग्राहक संख्येने पुष्कळ असून सहज ओळखता येत नसतील, तर विकलेल्या सदोष मालाच्या किमतीच्या किमान 25 टक्के रक्कम भरायला लावण्याची तरतूद आहे. जीएसटीतल्या नफेखोरीच्या, म्हणजे कर घटूनही ग्राहकाला त्याचा लाभ न देण्याच्या प्रकरणांतही ग्राहक न सापडल्यास रक्कम केंद्र आणि राज्याच्या ग्राहक कल्याण निधीत निम्मी-निम्मी जाई. अशा बिनधनी पैशातला ठरावीक हिस्सा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांना, पॅनेलवरच्या वकिलांच्या मानधनासाठी मिळावा, असा नियम महाराष्ट्र शासनाने आपल्या वाट्याच्या निधीपुरता तरी करावा, आणि केंद्राकडेही तशी मागणी करावी.

– आपली एक वाचक, शिकागो