दादा, जनरेटर पडवीत नको

ह्यूस्टन, टेक्सस
मार्चअखेर

ती. स्व. दादा यांस,
सा. न. वि. वि.

परवा आईशी बोलले तेव्हा कळलं की तू जनरेटर घ्यायचं नक्की केलंस, दोन केव्हीएचा, पेट्रोलवरचा. फार बरं केलंस. आईचं इन्सुलिन फ्रिजमध्ये, विहिरीवरचा पंप विजेवर, आणि मृगाचा पहिला वारा सुटला की आंजर्ल्यात लाइट जाणार हे ठरलेलं. पण आई पुढे सहज म्हणाली, "पडवीत ठेवणार आहे, तिथे पाऊस लागत नाही." दादा, तेवढं मात्र करू नकोस. फोनवर अर्धं बोलणं राहून जातं म्हणून सगळं लिहून पाठवते. वहिनींनाही वाचायला दे, कारण तू कामाला दापोलीला गेलास की यंत्र त्यांनाच चालू करावं लागणार.

निसर्ग वादळ आलं तो 3 जून 2020 चा दिवस मी इथे फोन हातात धरून काढला. तुमचा कोणाचाच लागत नव्हता. पुढे तू पाठवलेले फोटो आले, वाडीतले माड नि पोफळी आडवे, खांब वाकलेले, तारा रस्त्यात. दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत वीज यायला आठवड्यांमागून आठवडे गेले. तेव्हापासून मला वाटत होतं की घरात काहीतरी सोय हवी.

आणि इथे वीज जात नाही असं काही नाही. 2021 च्या फेब्रुवारीत टेक्ससमध्ये थंडीची लाट आली, 45 लाखांच्या आसपास घरं अंधारात गेली आणि सरकारी आकड्याप्रमाणे 246 माणसं दगावली. 2024 मध्ये तर आम्हाला दोनदा फटका बसला. 16 मे रोजी वादळी वाऱ्याने शहरातल्या उंच इमारतींच्या काचा फोडल्या, आणि 8 जुलैला बेरिल वादळ आलं. बेरिल किनाऱ्याला लागलं तेव्हा पहिल्याच श्रेणीचं होतं, म्हणजे सगळ्यात खालच्या. तरी नुसत्या ह्यूस्टन भागात 22 लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. बाहेर उन्हाची काहिली, आत पंखाही नाही, आणि काही वस्त्यांत आठवडा उलटला तरी लाइट नव्हते. पेट्रोल पंपांवर ही लांब रांग, कारण त्या पंपांनाही वीज लागते. आपल्याकडेही तेच होईल, म्हणून वादळाचा इशारा आला की पहिल्याच दिवशी कॅन भरून आण. आणि तो कॅन स्वयंपाकघरात किंवा न्हाणीच्या चुलीशेजारी ठेवू नका.

आता मुख्य गोष्ट. बेरिलनंतर इथल्या अग्निशमन दलाला 24 तासांत कार्बन मोनॉक्साइडच्या, म्हणजे जनरेटरच्या धुरात असतो त्या विषारी वायूच्या, बाधेचे 200 हून जास्त फोन आले. वादळ निघून गेलं होतं, आभाळ स्वच्छ झालं होतं, आणि लोक आपापल्या घरात गुदमरत होते. 2020 च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या लुईझियाना राज्यात लॉरा वादळ आलं, तेव्हाही असंच झालं. लेक चार्ल्स गावात एका कुटुंबाने जनरेटर घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये ठेवला होता. गॅरेजमधून घरात जाणारं दार पूर्ण लागलेलं नव्हतं. तेवढ्या फटीने घरातली माणसं गेली. अमेरिकेत दरवर्षी साधारण शंभर लोक अशा सुट्या जनरेटरच्या धुराने मरतात. एक जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड सोडतो असं इथलं ग्राहक सुरक्षा खातं सांगतं.

तू म्हणशील, आपलं घर कौलारू, भिंत आणि छपराच्या मधे वारा खेळतो, पडवी तर तिन्ही बाजूंनी उघडी. मला नेमकी त्याचीच भीती वाटते. पावसाळ्यात आपण पडवीला झडप लावतो, त्यामुळे ती उघडी राहतच नाही. आणि कौलांखालच्या ज्या फटींतून वारा येतो त्याच फटींतून तो वायू माजघरात उतरेल. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट जोराने चिकटतो, मग प्राणवायूला जागाच उरत नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. आई पडवीला लागूनच्या खोलीत झोपते, दादा.

म्हणून जागा परसात कर. घरापासून निदान 20 फूट लांब हवा, असा इथला नियम आहे, आणि तुझ्याकडे जागा आहे तर 30-40 फूट जाऊ दे. पावसात आपल्याकडे वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून घराच्या ईशान्येला, विहिरीच्या पलीकडे ठेवलास तर धूर घराकडे येणार नाही. चार वासे रोव, वर पत्रा टाक, चारही बाजू मोकळ्या राहू दे. एका बाजूलाही झडप किंवा ताडपत्री नको. खाली सिमेंटचा चौथरा वीतभर उंच, म्हणजे पागोळ्यांचं पाणी आत येणार नाही. सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला. वादळात वारा फिरतो, म्हणून जनरेटर चालू असेपर्यंत त्या बाजूच्या खिडक्या बंदच ठेवा. एवढ्या अंतरासाठी बाहेर वापरायची तीन तारांची, अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल घे. वापरताना ती पूर्ण उलगड. गुंडाळी तशीच ठेवून भार टाकला तर केबल गरम होते आणि आवरण वितळतं.

लक्षणं वहिनींनी लक्षात ठेवावीत. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, हातापायातलं त्राण जाणं. ताप नाही, पण घरातल्या दोघातिघांना एकदमच असं वाटायला लागलं, तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना उचलून आधी बाहेर खळ्यात न्या, मग दवाखाना. आणि एक फार महत्त्वाचं. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून 98 दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. हा वायू चिकटलेलं रक्त आणि प्राणवायू असलेलं रक्त यातला फरक त्या छोट्या यंत्राला कळत नाही, तो आकडा चांगलाच दाखवतो. या वायूचे बॅटरीवर चालणारे दोन अलार्म मावशीच्या सुनेबरोबर पाठवते आहे, ती एप्रिलमध्ये पुण्याला येतेय. एक आईच्या पलंगाजवळ लाव, एक माजघरात. चुलीपाशी मात्र नको, धुराने सारखा वाजेल आणि मग तुम्ही त्याची बॅटरी काढून ठेवाल.

दुसरी गोष्ट वायरिंगची, आणि इथेही जीव जातो, फक्त आपला नाही, दुसऱ्याचा. कोणीतरी सांगेल की दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर कर, एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला, घरभर लाइट येतात. येतातही. पण ती वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. खांबावरचा ट्रान्सफॉर्मर 11 हजार व्होल्टचे 230 करतो ना, तोच उलट्या बाजूने 230 चे 11 हजार करतो. लाइन बंद आहे या भरवशावर भर पावसात खांबावर चढलेला आपला वायरमन त्या तारेला हात लावतो. निसर्गच्या वेळी बाहेरच्या जिल्ह्यांतूनही माणसं येऊन गावागावांत खांब उभे करत होती. त्यांच्यातल्या कोणाचा जीव आपल्या घरातून जाऊ नये. म्हणून मीटर आणि मेन बोर्डाच्या मधे चेंजओव्हर स्विच बसवून घे, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, दोन पोलचा. खटका एकतर महावितरणकडे किंवा जनरेटरकडे, दोन्हीकडे एकदम जाऊच शकत नाही. लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच कर आणि त्याच वेळी अर्थिंग तपासून घे. खाऱ्या हवेत अर्थिंगची पट्टी गंजून कधी तुटते ते कळतही नाही.

भाराचं सांगते. दोन केव्हीए म्हणजे प्रत्यक्षात 1600 वॅट धर. फ्रिज, चार-सहा दिवे, दोन पंखे, मोबाइल, सगळं आरामात चालेल. विहिरीवरचा एक एचपीचा पंप चालू असताना हजार-बाराशे वॅट घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या तिप्पट किंवा जास्तच ओढतो. तो या यंत्राला उचलणार नाही, आणि ओढाताणीत व्होल्टेज पडून फ्रिजचा कॉम्प्रेसर जाईल. पंप चालवायचाच असेल तर आताच पाच केव्हीएचा बघ. नाहीतर जनरेटरवर असताना पंपाचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा त्याचा खटका, पाडून ठेवा, विहिरीला रहाट आहेच. चालू करताना भार काहीच नको. इंजिन दोनचार मिनिटं एका सुरात चाललं की मग आधी फ्रिज, मग बाकीचं. बंद करताना उलट.

दिवसरात्र चालवायची गरज नाही. लिटरभर पेट्रोल तासाला जाईल असं धर. फ्रिजचं दार उघडलं नाही तर चार तास आतला गारवा टिकतो. सकाळी दोन-तीन तास, संध्याकाळी दोन-तीन तास चालवा, त्यातच इन्व्हर्टरची बॅटरी भरून घ्या, रात्रीचे दिवे-पंखे त्यावर. रात्री सगळे झोपल्यावर जनरेटर नकोच. आईची चालू असलेली इन्सुलिनची बाटली बहुतेक प्रकारांत 30 अंशांच्या आत चार आठवडे बाहेर राहू शकते, तिच्या प्रकाराचं डॉक्टरांना विचारून घे. न उघडलेल्या बाटल्यांसाठी मात्र फ्रिज हवाच.

आता देखभाल. इथे वादळ आलं की दुरुस्तीच्या दुकानांत जे जनरेटर येतात त्यातले बरेचसे एकाच दुखण्याचे असतात, शिळं पेट्रोल. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, काही महिन्यांत ते पाणी खाली बसतं, आणि कार्ब्युरेटरच्या, म्हणजे जिथे पेट्रोल हवेत मिसळतं त्या भागाच्या, सुईएवढ्या भोकांत चिकट थर धरतो. इथे दहा टक्के इथेनॉल असतं तरी ही गत, तुमच्याकडे आता वीस टक्के झालंय आणि हवा कोकणातली. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत किती टक्के चालतं ते घेण्याआधीच वाच. टाकीत पेट्रोल ठेवून महिनोन्‌महिने सोडू नकोस. काम झालं की इंजिन चालू असतानाच पेट्रोलचा कॉक बंद कर आणि तसंच उभा राहा. दोनएक मिनिटं काही फरक जाणवत नाही. मग आवाज खालीवर व्हायला लागतो, एकदा इंजिन उगीचच जोरात पळतं, आणि आचके देऊन बंद पडतं. म्हणजे कार्ब्युरेटरची वाटी रिकामी झाली. मी दरवेळी हे करते आणि आजवर आमचं यंत्र दोरीच्या दुसऱ्या ओढीला लागलंय.

ऑइल नव्या यंत्राचं पहिल्या वीस तासांनंतर बदल, कारण नव्या इंजिनात धातूची कीस निघते. पुढे शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी. वादळाच्या दिवसांत मात्र रोज, पेट्रोल भरायच्या वेळी, डिपस्टिक पुसून बघ. पातळी कमी झाली तर बहुतेक यंत्रं आपोआप बंद पडतात आणि माणसं बिघाड समजून इंजिनाचा स्पार्क प्लग काढून बसतात. पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, पंधरा-वीस मिनिटं निवल्यावरच. तापलेल्या सायलेन्सरवर थेंब पडला तर भडका उडतो. महिन्यातून एकदा, लाइट असतानाही, अर्धा तास चालव, आणि मोकळं नको, इस्त्री लावून भार दे. जनरेटर इन्व्हर्टर प्रकारचा नसेल तर मिनिटाला 3000 फेऱ्यांना 50 हर्ट्झ आणि 230 व्होल्ट यायला हवेत, मीटर लावून वहीत लिहून ठेव. एअर फिल्टर तेव्हाच झाडून घे. खाऱ्या वाऱ्याने बोल्ट आणि पत्रा गंजतो, म्हणून ऑइलच्या फडक्याने पुसत जा आणि थंड झाल्यावरच झाक. हे सगळं तू आणि वहिनी दोघांनी करून बघा. वहिनींना दोरी ओढायला जड जाईल असं वाटलं तर बॅटरी स्टार्टचं मॉडेल घे, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, ते मी पाठवते.

बेरिलच्या वेळी आमच्या शेजारच्या व्हिएतनामी आजींचा फ्रिज आम्ही कुंपणावरून वायर टाकून चालवला. आपल्या आळीतही लोक मोबाइल घेऊन येतील, कोणाच्या घरी तान्हं मूल असेल. पडवीत एक मोठा एक्सटेन्शन बोर्ड लावून दे. पडवी त्यासाठी ठेव.

इलेक्ट्रिशियन आला की चेंजओव्हरचा आणि परसातल्या जागेचा फोटो पाठव, घरापासून टेप धरून अंतर मोजलेलंही दिसू दे. पंपाच्या मोटरवरच्या पाटीचाही एक फोटो हवा, त्यावर किती अँपिअर लिहिलेत ते बघून पाच केव्हीए लागेल की नाही ते सांगते. मे महिन्याच्या आत सगळं बसलं पाहिजे, नंतर मिस्त्री मिळत नाहीत.

आईला शि. सा. न., वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझी धाकटी बहीण,
मनी