डबीतली हळद

पुणे, रविवार

ती. बाबा व आई,
साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांच्या दंडावरचे काळेनिळे डाग दिसले. "गोठ्यात खांबाला लागलं असंल," म्हणालात. नंतर आईनं हळूच सांगितलं, टीव्हीवरच्या जाहिरातीतली हळदीची कॅप्सूल दोन महिन्यांपासून सुरू आहे म्हणून. बाबा, आधी मला हसूच आलं. राहायचं वसमतला, शिजवून-वाळवून पॉलिश केलेल्या हळकुंडांची पोती ओसरीवर, २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तर पेढे तुम्हीच वाटले, आणि हळद खायची ती डबीतून विकत आणून!

पण मग काळजी वाटली. आपल्या शंभर ग्रॅम हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारा घटक, असतं जेमतेम तीन-चार ग्रॅम. अशा कॅप्सूलमध्ये त्याचाच घट्ट अर्क भरतात, वर बऱ्याचदा मिरीतलं पायपरीन घालतात, ते अंगात जास्त उतरावं म्हणून. तुमची स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, त्यात हा अर्क रक्तस्रावाचा धोका वाढवू शकतो. काहींच्या यकृतालाही तो बाधलाय. डाग त्यानंच आले असं मी म्हणत नाही. पण डॉक्टरांनी "आणखी काही घेता का?" विचारलं, तर तुम्ही सरळ "नाही" म्हणालात. का, तर हळद काय औषध आहे का! मग औषध नाही तर घेता कशाला, बाबा?

आईची हळद मात्र चालू राहू द्या. वरणाच्या फोडणीत ती सगळ्यात शेवटी चिमूटभर टाकते, करपून कडू होऊ नये म्हणून. आणि कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं, म्हणजे आईचं तेही बरोबरच. खुरपं लागलं तेव्हा माझ्या अंगठ्यावर तिनं हळद दाबली होती, आठवतं? जखमेवरच्या हळदीचंच १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं होतं. शास्त्रज्ञ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं पुरावे देऊन १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं. अंगठ्यावर वण आहे अजून.

तर कॅप्सूल आजपासून बंद. रक्ताची गोळी मात्र आपल्या मनानं सोडू नका. मंगळवारी दादासोबत जाऊन डॉक्टरांना ती डबी दाखवा, लपवू नका. आई, तू बाबांच्या पिशवीत स्वतः टाक.

आणि येणाऱ्या कुणाजवळ दोन किलो हळद द्या. गिरणीत आधी मिरची दळलेली नको. मागच्या खेपेला पोरांनी हळदीचं दूध तोंडात घेतलं अन् घरभर नाचले.

तुमची,
बबी