रात्री पाणी भरणाऱ्या माणसासाठी पंतप्रधानांना पत्र

मा. पंतप्रधान,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर रामराम.

मी यावल तालुक्यातला शेतकरी. चार एकर केळी, दीड एकर गहू, थोडा हरभरा. उन्हाळ्यात ४५ अंश सोसणारा आमचा खान्देश थंडीला मात्र लवकर हार खातो. सातपुड्यावरून वारा सुटला की पारा दहाच्या खाली येतो, धुळ्याकडे तर त्याहूनही खाली. मग केळीची वाढ थांबते, पोंगा म्हणजे नवे गुंडाळलेले पान अडकते, निसवणीला म्हणजे बाहेर पडायला आलेला घड खोडातच गुंततो, थंडीने पाने करपतात. तरी केळीच्या थंडीची निदान नोंद होते, विमा आहे, महसूल मंडळात हवामान केंद्र आहे. त्याच थंडीत रात्री दोन वाजता मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाची नोंद कुठे होत नाही. हे पत्र त्याच्यासाठी.

शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीला, वीज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत मफलर बांधून, बॅटरी घेऊन निघायचे. ठिबक असले तरी सुटका नाही, कारण वीज मध्येच जाते, फ्यूज उडतो, पाइप निघतो. गव्हाला वाफ्यांनी पाणी देणारा तर घोट्यापर्यंत गारठलेल्या चिखलात उभा असतो. पायाखाली साप आहे की पाइप, ते बॅटरीच्या उजेडातही कळत नाही. २०१७ च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, तेव्हापासून आमच्याकडे बायका नवऱ्याला एकटे सोडत नाहीत, मुलाला सोबत पाठवतात. तो मुलगा सकाळी शाळेत पेंगतो. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका सालदाराला पहाटे ओल्या हाताने स्टार्टरला हात लावताना शॉक बसला. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटे आजही वळत नाहीत. त्याचे वय २६.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. कडाक्याच्या रात्री केळीला विहिरीचे कोमट पाणी दिलेले चांगलेच असते, आम्हीही देतो. पण ती आमच्या मर्जीची रात्र असावी. गहू आणि हरभऱ्याला तर रात्रीचे काहीच अडलेले नाही.

आता आपल्याला हे का लिहितो ते सांगतो. फैजपूर आमच्या तालुक्यातले. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे ५० वे अधिवेशन तिथे भरले, खेड्यात भरलेले पहिले. पंडित नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते, चित्रकार नंदलाल बोस यांनी अधिवेशनाची जागा, टिळकनगर, बांबूंनी सजवली होती. शेतसारा आणि कर्ज यांविषयीचा कार्यक्रम तिथे मांडला गेला. आजोबा बैलगाडीने गेले होते. देशाची मोठी माणसे थंडीत आपल्या मातीत राहिली, हे ते मरेपर्यंत सांगत.

पुढे १९६५ साली पाऊस हुकला, युद्ध झाले, धान्य अपुरे पडले. शास्त्रीजींनी आठवड्यातून एका वेळचे जेवण सोडायला सांगितले, पण आधी स्वतःच्या घरात करून पाहिले. जानेवारी १९६६ मध्ये ते ताश्कंदला वारले, तरी आमची चूल सोमवारी संध्याकाळी कितीतरी वर्षे पेटली नाही. आईला कुणी विचारले तर ती एवढेच म्हणायची, "त्यांनी सांगितलंय." अशी ताकद पंतप्रधानाच्या शब्दात असते, म्हणून तो शब्द मागतो आहे.

शेतीला सौर वीज देणारी कुसुम योजना २०१९ साली आपल्याच सरकारने आणली. राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेला तिचे अनुदान मिळते. ज्या फीडरवर सौर वीज आली तिथली माणसे रात्री घरी झोपतात, हे मी पाहिले आहे आणि त्याबद्दल मनापासून आभार. पण आमचा नंबर कधी, ते कुणी सांगत नाही. वीज राज्याची कंपनी देते हे ठाऊक आहे, पण विषय समवर्ती सूचीतला आहे आणि पैसा दिल्लीहून येतो. तेव्हा कोणता फीडर कोणत्या महिन्यात दिवसा चालू होणार, ती यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू द्या. तोवर डिसेंबर आणि जानेवारीत तरी दिवसाची पाळी वाढवून द्यायला राज्याला सांगा.

आणि डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी 'मन की बात'मध्ये या माणसाचे नाव घ्या. तो त्या वेळी झोपलेला असेल, सकाळी अकरा ही त्याची झोपेची वेळ. घरातले ऐकतील आणि तो उठल्यावर त्याला सांगतील.

आपण या हिवाळ्यात जळगावकडे आलात तर सभा दुपारी होईल. ती आटोपल्यावर एक रात्र थांबा. फैजपूर-यावल रस्त्यालगत कुठल्याही शेतात या. या आठवड्यात आमच्याकडे वीज रात्री बाराला येते.

आपला,
एक शेतकरी, ता. यावल, जि. जळगाव