चहा एकाच टेबलावर

प्रिय सच्या,

रागावू नकोस, खूप दिवसांनी लिहितोय. पण हे मेसेजवर दोन ओळीत सांगण्यासारखं नाहीये म्हणून आज नीट बसलो. इथला क्रिकेटचा सीझन परवा संपला रे. एप्रिलच्या शेवटी सुरू होतो आणि सप्टेंबर लागला की आटोपलंच, साडेचार महिने फक्त, त्यातले निम्मे शनिवार पावसात. तरी माणसं वर्षभर त्या साडेचार महिन्यांवर जगतात.

आमचं गाव पीटर्सफील्डच्या जवळ, हॅम्पशायरमध्ये. इथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत हॅम्बल्डन आहे. तिथल्या ब्रॉडहाफपेनी डाउनवर, म्हणजे त्यांच्या जुन्या क्रिकेट ग्राउंडवर जाऊन आलो, समोरच तो बॅट अँड बॉल पब. १७७७ ला या एवढ्याशा खेड्याच्या क्लबने अख्ख्या इंग्लंडच्या टीमला एक डाव आणि १६८ रन्सनी हरवलं होतं! आणि तिसरा स्टंपसुद्धा यांच्याच बॅट्समनमुळे आला बरं का. १७७५ मध्ये जॉन स्मॉल खेळत होता आणि लंपी स्टीव्हन्सचे तीन बॉल दोन स्टंपांच्या मधून आरपार गेले, तरी स्मॉल नॉट आउट. त्यानंतर मधला स्टंप आला. क्रिकेटचे नियम ठरवणारा लंडनचा क्लब, एमसीसी, तेव्हा जन्मालाही आला नव्हता, तो १७८७ चा.

पण मला सांगायचंय ते आमच्या क्लबचं. तीन वर्षांपूर्वी आलो तेव्हा गावात कुत्रं ओळखत नव्हतं. ग्राउंडच्या कडेने चाललो होतो तर एकाने हाक मारून विचारलं, खेळतोस का, आम्ही नऊच आहोत. तेव्हापासून तिथेच आहे. इथे कोणाला पैसे मिळत नाहीत, उलट प्रत्येक मॅचला आपणच मॅच फी द्यायची. अंपायर नसला की बॅटिंग करणाऱ्या टीममधलेच दोघं कोट घालून उभे राहतात आणि आपल्याच माणसाला एलबीडब्ल्यू देतात, बोट वर करताना हात थरथरतो.

आमचे ग्राउंड्समन काका चौऱ्याहत्तरचे आहेत, आधी पोस्टमन होते. पगार नाही काही नाही. मार्चपासून रोलर फिरवतात, आधी हलका, मग जड, आणि इतका सावकाश की शेजारून चालत जाणारा माणूस पुढे निघून जातो. मी एकदा घाई केली, जमीन अजून ओली होती आणि मी रोलर काढला, तर सगळं वरचं चिखलासारखं सरकलं. रागावले नाहीत. खिशातून घराची किल्ली काढली, पिचमध्ये खुपसली, बाहेर काढून मला दाखवली, टोकाला ओली माती चिकटलेली. म्हणाले, किल्ली कोरडी निघाली की मग ये. आता सीझन संपल्यावर तेच परत, गवताची मुळं खरवडून काढायची, नवीन बी टाकायचं, वरून चिकणमातीचा थर. परवा शेवटची मॅच झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि मी दोघंच गुडघ्यावर बसून बोलरने उकरलेले खड्डे भरत होतो. सगळे घरी गेले की ग्राउंड किती मोठं दिसतं रे.

तिथे मला बाळू पालवणकर आठवले, आपले जुन्या काळातले दलित स्पिन बोलर. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर पिच झाडायचे, रोलर फिरवायचे आणि त्यांना नेट्समध्ये बोलिंग टाकायचे. १९११ ला भारताच्या टीमबरोबर इथे टूरवर येऊन ११४ विकेट काढल्या, लेस्टरशायरला हरवलं त्यात त्यांचा मोठा वाटा. आणि त्याच माणसाला पुण्यात चहा मिळायचा तो बाहेर, मातीच्या भांड्यात, जेवण वेगळ्या पंगतीत, का तर जात! असं वागवणारी त्यांच्या स्वतःच्याच हिंदू टीमची माणसं होती. मला हे वाचून माहीत होतं, पण इथे दोन इनिंग्जच्या मधे टी ब्रेकला दोन्ही टीमा लांब टेबलावर बसल्या, ज्याने मला बोल्ड केलं त्यानेच माझ्या कपात किटलीतून चहा ओतला, तेव्हा ते आत कुठेतरी लागलं. रोलर फिरवणाऱ्याची जागा टेबलाच्या मध्यावर पाहिजे, सच्या. आमच्याकडे काका तिथेच बसतात.

कोविडनंतर बऱ्याच लीगनी हा चहाच बंद केला, ज्याने त्याने आपला डबा आणायचा. शनिवारी आमच्याकडेही आता डबाच, पण रविवारच्या फ्रेंडलीला चहा ठेवायचा म्हणून मी मीटिंगमध्ये बोललो, पहिल्यांदाच, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आणि ठेवला त्यांनी. चहाची प्रत्येकाची पाळी असते, माझ्या पाळीला मी काकडी आणि आईची शेंगदाण्याची चटणी घालून सँडविच केली, एक उरलं नाही.

तर जुलैमध्ये ये तू. व्हिसाचे पेपर मी पाठवतो. बूट आण, पॅड-ग्लोव्हज क्लबच्या बॅगेत आहेत. शिवाजी स्टेडियमवर टाकायचास तसा लेगस्पिन इथल्या ओल्या पिचवर आधी हळू वळतो, धीर धरून टाकावा लागतो, शनिवारी सकाळी आधी काकांबरोबर रोलरला हात लावू मग खेळू. आणि येताना ती चटणी अर्धा किलो जास्त आण.

तुझाच,
पम्या