तासाला ३४ वेळा

सोलापूर,
रविवार दुपार

प्रिय दिन्या,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी. एचआयव्हीचा वायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, तपासणीत सापडत नाही इतका कमी; सीडी४, रोगाशी लढणाऱ्या पेशी, सहाशेच्या वर. हे झालं नेहमीचं.

थोरल्या पुतण्याच्या लग्नात पंढरपूरच्या कार्यालयात आम्ही सगळे बाप्ये ओळीनं गाद्या टाकून झोपलो होतो. सकाळी धाकट्यानं मोबाइल नाकासमोर धरला, "काका, ऐका." आधी घोरणं. ते तुला नवीन नाही, होस्टेलवर माझी वळकटी तू गच्चीत फेकायचास. मग एकदम शांतता, नुसता पंखा. पोरं खिदळतायत. मग खिदळणं थांबतं, कुणीतरी हळूच म्हणतं, "ए, हलव ना काकाला." तेवढ्यात डोहातून म्हशीनं तोंड वर काढावं तसा मी फुस्स करतो आणि पुन्हा घोरायला लागतो. पोरानं मोजलं, ३८ सेकंद.

दादानं धरूनच नेलं. एक रात्र घरीच छातीला पट्टा, नाकात नळी, बोटाला चिमटा लावून झोपलो. झोपेत तासाला ३४ वेळा श्वास अडतो म्हणे, स्लीप ॲप्निया म्हणतात त्याला. तिसाच्या वर गेलं की गंभीर. घसा मिटतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू ढुशी मारून उठवतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. डॉक्टरांनी टेप लावून मान मोजली, ४२ सेंटीमीटर. लग्नाच्या सफारीला शिंप्यानंही एवढं मन लावलं नव्हतं.

पण दिन्या, मी मुनीम माणूस, आणि इतकी वर्षं नोंद चुकीच्या खात्यावर! दुपारी वहीवर मान पडायची, सकाळी डोकं जड, परवा सात रस्त्याच्या सिग्नलला स्कूटरवर पेंग आली. सगळं 'त्याच्या' नावावर. एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या सेंटरवर थकवा सांगितला की विचारणार, गोळी चुकते का, जेवता का नीट. घोरता का, हे ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं. मागे रात्रीच्या त्या गोळीनं भुतासारखी स्वप्नं पडायची, तेव्हापासून झोप बिघडली की दोष गोळीलाच.

आणि वजन! ४७ किलोचा मी तू पाहिलायस. जुन्या गोळ्यांनी गाल बसले, तेव्हा आरशावर टॉवेल टाकायचो. नवी गोळी आली आणि दोन वर्षांत ११ किलो वाढलो. सेंटरवर सगळे म्हणायचे, भरलास रे, छान दिसतोस. मी पेढे वाटले, माहितीय ना? ज्या अंगाचे पेढे वाटले तेच आता रात्री नरड्यावर बसलंय. म्हणजे सगळा दोष वजनाचा नाही. डॉक्टर म्हणाले, बारीक माणसांनाही होतं.

आता तुलाच सांगण्यासारखं. मला आनंद झालाय. हा रोग सांगता येतो! ऑफिसात सांगितला, शेजारच्या काकूंना सांगितला, रिक्षावाल्यालाही सांगितला. एकवीस वर्षं डबी कपाटात साड्यांखाली, आणि आता झोपेत हवा सोडून घसा उघडा ठेवणारं, उशाशी फुसफुसणारं मशीन उघड्यावर ठेवणार.

आणि इथेच घोळ घातला. फॉर्मवर 'इतर आजार' होतं, मी 'बीपी' लिहिलं. रोजची औषधं? बीपीची. एचआयव्ही लिहायला पेन उठेना, दादा शेजारी असूनसुद्धा. डॉक्टर पुढे म्हणाले, याचा ताण हृदयावर येतो, घरात कुणाला हृदयविकार वगैरे? मला सेंटरच्या मॅडमचं बोलणं आठवलं, आपल्या लोकांनी हृदय जास्तच सांभाळायचं. दोन ताण एकाच हृदयावर, आणि त्यांना माहीत एकच. संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही, २०१७ चा कायदा आहे, हे तूच मला पाठ करून घेतलंस. पण कंपाउंडर कायदा वाचून थोडाच फाइल उघडतो?

तू म्हणशील, सांगून टाक. तुझं नेहमीचंच. २००६ साली दादाला परस्पर सांगून टाकलंस आणि मी दोन वर्षं तुझ्याशी बोललो नाही. अजूनही म्हणतो, आधी मला विचारायला हवं होतंस. पण लग्नघरातून मला धरून नेलं कुणी? दादानंच. त्याबद्दल चहा पाजीन, माफी नाही.

तुझा गुडघा कसा आहे? मनूला नोकरी लागली हे वहिनींनी कळवलं, तू नाही. आंब्याची पेटी मिळाली, निम्मी नासली होती.

गुरुवारी मशीन घ्यायला जायचंय, दादाला नको म्हटलंय. बुधवारी ये. डॉक्टरसमोर मी बोललो तर ठीक, नाही बोललो तर मला कोपरानं ढोस. पण बोलायचं मीच. मुक्काम कर, आणि वळकटी गच्चीत तुझी तूच टाक, तोवर मशीन आलेलं नसेल.

तुझा,
बाळ्या